मंजुळाबाईच्या मापाची काठी

मी काठी आहे. जुनी आहे, पण झिजलेली नाही. मित्रांनो, हीच माझी लाज आहे.

तुमच्या घरातली एखादी म्हातारी काठी आठवा. तिचं टोक घासून बोथट झालेलं असतं, मूठ घामानं काळी पडलेली असते. ती कुठं कुठं हिंडली ते न सांगता कळतं. माझ्याकडं पाहिलं तर वाटेल, कालच दुकानातून आणली. घरी येणारे पाहुणे मला हातात घ्यायचे, टिचकी मारायचे, "काय फिनिशिंग आहे राव!" म्हणायचे आणि पुन्हा भिंतीवर अडकवायचे. काठी भिंतीला टांगणं म्हणजे बैल दिवाणखान्यात बांधणं. माझं आयुष्य असं का गेलं ते मी सांगणार आहे, आणि गुळमुळीत सांगणार नाही.

माझा जन्म जंगलात झाला नाही. भोसरीला अर्जुनरावांचं छोटं वर्कशॉप आहे, तिथल्या लेथवर मी जन्मले. माझं वरचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपचं, खालचं पोलादी गजाचं. गज पाइपात सरकतो, म्हणजे मी लांब होते आणि आखूडही होते. मूठ मोटारसायकलच्या हँडलच्या रबराची. मला घडवणारे मालोजी, कुरुळीचे. चाकणच्या एका कंपनीत साचे-हत्यारं घडवणाऱ्या टूल रूमला होते. कंपनी सुटली की भोसरीला यायचे आणि माझ्यावर काम करायचे. गज आणि पाइप यांच्यात त्यांनी फट अशी ठेवली होती की केससुद्धा शिरू नये.

अर्जुनराव हसायचे. "मालोजी, काठी करतोय का विमानाचा पार्ट करतोय?"

"बायकोसाठी हाय," मालोजी म्हणायचे. "तिला हिमालयात न्यायचीय. बांबू घिऊन जाऊ व्हय?"

हे ऐकून मला काय वाटलं असेल! लेथवर गरम झालेली मी आणखी गरम झाले. काठीला आणखी काय हवं असतं? एक डोंगर आणि एक हात.

आता तो हात कुणाचा ते सांगते.

मंजुळाबाई म्हणजे मालोजींची बायको. लग्न होऊन कुरुळीला आली तेव्हा तिथं शेतं होती. मग कंपन्या आल्या, शेतं गेली, शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या. एक गोष्ट मात्र बदलली नाही. घरातल्या सगळ्यांचं अंघोळीचं पाणी मंजुळाबाईनं तापवायचं. आधी सासरे, दीर, मग नवरा, मग मुलगी. अंगणात तांब्याचा बंब होता. त्यात ती कंपन्यांतून येणारी पॅकिंगची फळकुटं घालायची. डोळ्यांत धूर, हातात फुंकणी. पहिल्या शिफ्टच्या बसआधी सगळ्यांचं पाणी निघालं पाहिजे. ती बादली भरणार, कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालणार, हात बुडवून बघणार आणि हाक मारणार, "पानी काढलंय वो!" तिची स्वतःची पाळी येईपर्यंत बंब निवलेला असायचा. ती गार पाण्यानं अंघोळ करायची आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पुढं गिझर आला. तरी बटण दाबायचं कुणी, बादली भरायची कुणी, हाक मारायची कुणी? तिनंच. यंत्र आलं म्हणून बाईचं काम सुटत नाही, मित्रांनो. यंत्र फक्त धूर काढून घेतं.

त्यांच्या एका खोलीत जयदीप नावाचा पोरगा भाड्यानं राहायचा. परभणीकडचा. मालोजींच्याच कंपनीत लागलेला. मंजुळाबाईला मामी म्हणायचा आणि तिच्या चुलीपुढं बसून भाकरी खायचा. एकदा त्यानं तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. हे मी माझ्या जन्मानंतर ऐकलं, पण त्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की मला पाठ आहे. उंच डोंगर, चहूकडं बर्फ, मधे दगडी कुंड. कुंडातून वाफा निघतायत आणि माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसलीयत.

"खाली जाळ कुनी घातलाय रं?" मंजुळाबाईनं विचारलं.

"जाळ न्हाईच मामी. जिमिनीतूनच गरम यायलंय ते."

"मंग राख कोन काढतं?"

"राख कशाची? जाळच न्हाई तर राख कुठली?"

"आन पानी काढून कोन देतं?"

"कुनीच न्हाई. जायचं आन बसायचं."

मंजुळाबाई बघतच राहिली. तव्यावरची भाकरी करपली. तिच्या हातची भाकरी करपलेली जयदीपनं त्याआधी कधी खाल्ली नव्हती.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "मला येकदा तसल्या पान्यात बसायचंय. म्या न तापवलेल्या."

मागणं एवढंच होतं. सोनं नाही, प्लॉट नाही.

"वज्रेश्वरीला बी गरम पानी हाय म्हनं," ती पुढं म्हणाली. "जवळ तर हाय. रविवारी जाऊन येऊ."

"तिथं काय, कोन बी जातं," मालोजी म्हणाले. "तुला बर्फातलंच दावतो."

बघा, इथं पहिला घोटाळा झाला. बाईनं गरम पाणी मागितलं होतं. मालोजींनी त्याचा हिमालय केला. माणूस वाईट नव्हता. पण काही माणसांना साधी गोष्ट साधेपणानं देताच येत नाही. ती मोठी करून द्यायची असते, आणि मोठी करता करता ती द्यायचीच राहून जाते.

माझं माप घ्यायला मालोजी घरी टेप घेऊन आले. मंजुळाबाई ओट्यापाशी उभी होती. तिचा हात त्यांनी कोपरात वाकवला आणि जमिनीपासून तळव्यापर्यंत माप घेतलं.

"अवो, पिठाचा हात हाय. ब्लाउज शिवताय का काय?"

"हालू नगंस. माप चुकंल."

त्या मापावर त्यांनी माझ्या गजाला एक खाच पाडली. त्या खाचेवर पेच आवळला की मी बरोबर मंजुळाबाईच्या उंचीची होते. दुसऱ्या कुणाच्याच नाही.

मला घरी आणलं तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा. मंजुळाबाईनं मला धरलं आणि खोचलेल्या पदरानिशी गच्चीचा जिना चढायला लागली. टक्, टक्, टक्. वर जाऊन ओरडली, "आले वो हिमालयात! हितनं तुमची कंपनी दिसतीय!" अंगणात जयदीप, शेजारच्या इंदुताई, मालोजी, सगळे हसत होते. तिच्या तळव्याची ऊब रबरातून माझ्या अंगात उतरली. तेव्हा तिचे गुडघे कुरकुरत होते, पण चालत होते.

आणि मग मालोजी म्हणाले, "आधी आमी गडी जाऊन ट्रायल घिऊन येतो. मग तुला नेतो."

मित्रांनो, चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ट्रायल म्हणजे काय ते सांगायला नको. नवा पार्ट आला की कंपनी एकदम माल काढत नाही. आधी थोडे नग काढून बघते. चूक सापडली की दुरुस्ती, पुन्हा ट्रायल. ही रीत लोखंडासाठी फार चांगली आहे. मालोजींच्या अंगात ती इतकी मुरली होती की त्यांनी ती बायकोच्या हौसेलाही लावली.

"मला आत्ताच न्या की संगं," ती म्हणाली.

"अगं, नवा पार्ट आला की डायरेक लॉट सोडतो का आमी?"

"मी काय पार्ट हाय व्हय?"

सगळे पुन्हा हसले. मी तिच्या हातात होते. तिची मूठ सैल झाली, ते मला कळलं.

मालोजी, जयदीप आणि टूल रूमचे आणखी दोघं उन्हाळ्यात निघाले. मी मालोजींच्या सॅकला बांधलेली. हिमाचलात मोटारीचा रस्ता जिथं संपतो त्या गावातून पायवाट सुरू झाली आणि मालोजींनी मला हातात घेतलं. सुरुवातीला सफरचंदाच्या बागा, मग देवदाराचं रान. पायाखाली पिवळ्या सुयांचा गालिचा, त्यावर माझं टोक आवाज न करता रुतायचं. मग ओढे. लाकडाचे दोन ओंडके टाकून केलेले पूल. खाली दुधासारखं फेसाळतं पाणी, आणि ते इतकं गार की शिंतोडा उडाला तरी अंग आखडायचं. मी पहिल्यांदा कातळाला टोक लावलं तेव्हा ठिणगी उडाली. मला वाटलं, मी यासाठीच आहे. भोसरीच्या धुळीत जन्मले, पण माझं गाव हे आहे.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वर निघालो, तेव्हा थंडी वाढली होती. वाटेच्या कडेला बर्फाचे ढीग. मुक्कामाला आखूड करून ठेवलेल्या मला मालोजींनी पुन्हा त्यांच्या उंचीला लांब करायला घेतलं. मी हलेना. पेच सैल केला, गज ओढला, गुडघ्याखाली दाबून पिळला. छे! अ‍ॅल्युमिनियम थंडीत पोलादापेक्षा जास्त आकसतं. माझा पाइप आकसून गजाला घट्ट बसला होता. केस शिरणार नाही अशी फट ठेवल्याचा अभिमान होता ना? आता थंडीही शिरायला जागा उरली नव्हती. आणि मी अडकले कुठं, तर मंजुळाबाईच्या खाचेवर.

मालोजी उंच गडी. त्या आखूड काठीनं त्यांना सगळी चढण वाकून चढावी लागली.

"मामा, वाकून काय चालायलाव?" जयदीप मागून ओरडला. "दंडवत घालत जायचा नवस हाय का?"

"गप ए. फिट चुकलंय जरासं."

"फिट न्हाई चुकलं मामा. मामी संगं आल्यात. त्याच सोडंनात काठी."

बाकीचे खो खो हसले. मालोजी हसले नाहीत. कंबर धरून चालत राहिले.

कुंड दिसायच्या आधी वासानं कळलं. गंधकाचा वास, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत असतो तसा. मग वळण घेतलं आणि समोर ते होतं. डोंगराच्या कुशीत दगडी बांधाचं कुंड, वाफा, मागं बर्फाची शिखरं. व्हिडिओत होतं तसंच. पुरुषांचं कुंड उघड्यावर आणि बाजूला दगडी भिंत घालून बायकांचं. गडी कपडे टाकून पाण्यात उतरले. मालोजींनी मला हातातच धरलं होतं. पाण्यात जाताच माझ्या अंगातला गारठा विरघळला आणि नुसत्या बोटानं गज सुळकन सरकला. "आयला, सुटली की!" मालोजी म्हणाले. पोलादाची काठी सैल झाली, त्यांची कंबर सैल झाली, खांदे उतरले. त्यांनी डोळे मिटले.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकांचं हसणं आलं.

कसं सांगू तुम्हाला? ते हसणं घरातलं नव्हतं. घरात बायका हसतात तेव्हा एक कान दाराकडं असतो. हे तसं नव्हतं. पाण्यावर हात आपटण्याचा आवाज, कुणीतरी गाणं म्हणत होतं, कुणीतरी दुसरीला पाण्यात ओढत होतं. मालोजींनी डोळे उघडले. बराच वेळ भिंतीकडं बघत बसले. मग पाण्यातून उठले, कपडे केले आणि मला घेऊन त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं. मला त्यांनी भिंतीला टेकवलं, पुन्हा खाचेवर आणून, पेच आवळून.

आतून एक म्हातारी बाहेर आली. त्याच भागातली असावी. ओले केस पुसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मालोजींच्या उंचीकडं.

"ये लाठी किसकी है भाई?"

"घरवाली की," मालोजी म्हणाले.

"तो घरवाली कहाँ है?"

मालोजींनी तोंड उघडलं. ट्रायल हा शब्द त्या डोंगरात कसा सांगायचा? म्हातारी माझ्या मुठीवर हात ठेवून पुटपुटली, "अच्छी है," आणि निघून गेली. आत पुन्हा हसणं उठलं.

मला वाटलं, आता हा माणूस शहाणा झाला. आता हा घरी जाईल आणि म्हणेल, ऊठ, बॅग भर.

मालोजींनी काय केलं? प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये कुंडाचं पाणी भरून घेतलं.

ती कॅन डोंगर उतरली, बसमधून आली, रेल्वेतून आली, रिक्षातून कुरुळीला आली. येईपर्यंत पाणी बोअरच्या पाण्यासारखं झालं होतं. मंजुळाबाईनं कॅनला हात लावला.

"गार हाय की वो."

"मंग काय गरम ऱ्हाईल व्हय? जरा तापव, म्हंजी तेच पानी."

तिनं तापवलं. मित्रांनो, ऐकताय ना? जे पाणी तिला न तापवता हवं होतं, ते शेकडो कोसांवरून आणून तिलाच तापवायला दिलं. तिनं गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी तापेपर्यंत मालोजी सोफ्यावर बसून पाहुण्यांना फोटो दाखवत होते. तिनं ते पाणी इंदुताईला वाटीभर दिलं, जयदीपच्या खोलीतल्या पोरांना तीर्थासारखं दिलं, आणि उरलेलं गुडघ्यांवर घेतलं. मग पातेलं घासून पालथं घातलं.

"कसं वाटलं?" मालोजींनी विचारलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "गंधकाचा वास येतोय तेवढा."

त्यानंतर माझी दुरुस्ती सुरू झाली. मालोजींनी पाइप बदलला, फट वाढवली, टोकाला कडक पोलादाचा तुकडा बसवला, मग तो जड होतो म्हणून काढला, मग मनगटात अडकवायला पट्टा लावला. दर वर्षी उन्हाळा यायचा, दर वर्षी माझ्यात काहीतरी नवं निघायचं. कधी कंपनीत माल सुटायचा बाकी असायचा, कधी मुलीची दहावी, कधी बारावी. खरं सांगू? मी केव्हाच तयार होते. एका बाईचे दोन पाय जिन्यावर चालत होते तेव्हाच मी पुरी तयार होते. पण मालोजींना काठीतली चूक दिसायची. गुडघ्यातला आवाज ऐकू यायचा नाही. तो आवाज मोजायला त्यांच्याकडं माप नव्हतं, आणि विचारायला तोंड होतं ते उघडलं नाही.

मग मला बैठकीत टीव्हीच्या वर अडकवलं. पाहुणे यायचे, वाहवा करायचे. कुणी नसताना मी वाळत घातलेले कपडे ओढायला, दुकानगाळ्याचं शटर खेचायला आणि अंगणातली कुत्री हाकलायला उपयोगी पडायचे. हिमालय बघून आलेली मी, कुत्र्यांच्या मागं!

पण माझा सगळ्यांत मोठा अपमान एका बांबूनं केला.

इंदुताई अंगणवाडीत होत्या. रिटायर झाल्यावर त्यांच्या महिला मंडळानं त्याच कुंडाची ट्रिप काढली. त्या मंजुळाबाईला बोलवायला आल्या. "चल गं मंजुळा. एक जागा ठेवलीय तुझ्यासाठी. किती वर्षं नुसती काठी बघत बसणार आहेस?"

मंजुळाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरून ओरडत होते, जा! जा गं बाई! पण काठीचं कोण ऐकतं?

"नगं," ती म्हणाली. "आमचे हे नेनार हायेत. मी तुमच्यासंगं गेले तर त्यांना वाईट वाटंल. येवढी काठी केलीया माझ्यासाठी."

म्हणजे बघा. तिच्या जाण्यासाठी मला केलं, आणि माझ्याचमुळं तिचं जाणं राहिलं. हे मी विसरू शकत नाही.

इंदुताई जाऊन आल्या. पायात कॅनव्हासचे बूट होते आणि हातात डोंगराच्या पायथ्याला टपरीवर मिळालेला बांबू. घरी आल्या तेव्हा तो बांबू माझ्याच खाली कोपऱ्यात टेकवून बसल्या. त्याचं टोक फुटून ब्रशासारखं झालं होतं, अंगावर चिखल होता. मी चकचकीत. दोघांपैकी काठी कोण होती, ते तुम्हीच सांगा.

"कसं हाय गं पानी?" मंजुळाबाईनं विचारलं.

"काय सांगू बाई," इंदुताई म्हणाल्या. "पाण्यात बसले आणि रडूच आलं. का आलं ते कळेना. मग कळलं. बराच वेळ झाला, कुणी हाकच मारली नव्हती."

मंजुळाबाई "चहा टाकते," म्हणून उठली. उठताना तिच्या गुडघ्यात काडी मोडल्यासारखा आवाज झाला. आतल्या खोलीतून मालोजी म्हणाले, "इंदुताई, बांबूवर गेलात? नशीब, घसरला न्हाईत!"

शेवटी मालोजी रिटायर झाले. मुलगी विजयश्री तळवड्याला आयटी कंपनीत लागली होती. तिनं मोबाइलवर दोन तिकिटं काढून बापाच्या हातात ठेवली. "बाबा, आता काठीत काही काढायचं नाही. आई आणि तुम्ही. संपलं."

घरात लग्नघरासारखी धांदल उडाली. मंजुळाबाईनं स्वेटर बाहेर काढला, नवे बूट पायात घालून घरातच हिंडली. मालोजींनी मला भिंतीवरून काढलं, तेल लावलं, पेच तपासला. "चल, जिन्यावर सराव करू," ते म्हणाले. तोच जिना, तीच खाच.

टक्. टक्.

तिसऱ्या पायरीवर ती बसली. उठायला गेली, उठवेना. माझ्यावर तिनं सगळा भार टाकला. मी वाकले नाही. मी वाकण्यासाठी केलेलीच नव्हते. पण मी ताठ राहून काय उपयोग? गुडघे तिचे होते.

"जरा दम खाते," ती म्हणाली. मग हसायचा प्रयत्न करून म्हणाली, "हिमालय उंच झालाय वो."

डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो बघितले आणि सांगितलं, चढउतार बंद. ऑपरेशन करता येईल, पण डोंगर विसरा. घरी आल्यावर विजयश्री बोलली.

"बाबा, काठीच्या एवढ्या ट्रायल घेतल्या. आईला एकदा तरी विचारलं, गुडघे कसे आहेत?"

मालोजी माझ्याकडं बघत राहिले.

"ती कधी बोललीच न्हाई," ते म्हणाले.

"काठी तरी कधी बोलली होती?"

मित्रांनो, मी त्या क्षणी बोलले असते तर पोरीच्या बाजूनं बोलले असते.

तिकिटं रद्द झाली. जयदीपची आता स्वतःची खोली आहे, बायको आहे. तो भेटायला आला आणि मंजुळाबाईच्या पायाशी बसला. "म्या तो व्हिडिओ दावायलाच नको होता मामी."

"न्हाई रं," ती म्हणाली. "तेवढंच तर बगितलं."

आता माझं काम काय, ते सांगते. पलंगापासून बाथरूमपर्यंत. पुन्हा पलंगापर्यंत. एवढीच माझी यात्रा. फरशीला ओरखडे पडतात म्हणून माझ्या टोकाला रबराची टोपी घातलीय. ठिणगी आता उडत नाही. माझी उंची मात्र अगदी बरोबर आहे. ती मला धरते तेव्हा कोपर जितकं वाकायला हवं तितकंच वाकतं. माप जराही चुकलं नाही. चुकली ती वेळ.

काल सकाळचीच गोष्ट. ती हळूहळू बाथरूमपर्यंत आली तर आत मालोजी होते. बाही वर केलेली, समोर बादली. त्यांनी तिच्यासाठी पाणी काढलं होतं. या घरात येऊन तिचा सगळा जन्म गेला, तेव्हा कुठं हे घडलं. तिनं बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

"कढत हाय वो! विसण घाला की."

मालोजी हातात गार पाण्याचा मग घेऊन उभे राहिले. केसाएवढी फट ओळखणारा तो माणूस, पण किती विसण घालायचं ते त्याला माहीत नव्हतं. एक मग घातला, हात बुडवला. दुसरा घातला, पुन्हा हात बुडवला. "आता बघ बरं."

तिनं हात बुडवला आणि तसाच पाण्यात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"झालंय का बरोबर?" मालोजींनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं न बघता, पाण्याकडं बघत म्हणाली, "हे तर हितं बी जमलं असतं की वो."

मालोजींनी मान खाली घातली. "व्हय," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू सांगतात, आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. मी तसं सांगणार नाही. मला नको तितकं जपलंय. मला गंजू द्या, वाकू द्या, झिजवून टाका. तुमच्या घरात एखादी बाई असेल, आई असेल, आजी असेल, तिनं कधीतरी काहीतरी छोटं मागितलं असेल. ते तुम्ही मोठं करायला ठेवलं असेल. ठेवू नका. बांबू घ्या, कॅनव्हासचे बूट घ्या आणि या रविवारी निघा. ते जमत नसेल तर उठा, बादली भरा आणि विसण किती लागतं ते तिलाच विचारा. गुडघ्याची ट्रायल होत नसते.

आत्ताही आत पाणी ओतल्याचा आवाज येतोय. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी आहे. त्या डोंगरात बायकांच्या कुंडाबाहेरही मी अशीच उभी होते. तिथं आत हसणं होतं आणि ती नव्हती. इथं ती आहे.

मी कान देऊन उभी आहे. ती अजून हसलेली नाही.